सध्या काय वाचता?

कांजूरमार्ग पश्चिमेच्या मुख्य रस्त्यावरील पाट्यांवर लालबहादूर शास्त्री मार्ग असे नाव असते. जुन्या पिढीतील दुकानदार मात्र त्याला आजही आग्रा रोडच म्हणतात. शीवहून निघून घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड करीत हा रस्ता ठाण्याला जातो आणि तेथून नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर ओलांडून खरोखरच आग्र्याला पोहोचतो. या रस्त्यावरून माल किती आला-गेला याचा हिशेब कोणी ठेवला असेल वा नसेल. त्याच्या पलीकडच्या टोकाला, सुमारे चारशे वर्षांपूर्वी, धंद्यात बुडालेला एक जैन व्यापारी रोज रात्री जमलेल्या मंडळींना पुस्तक वाचून दाखवीत असे. आपण काय वाचत होतो हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले, म्हणून ती गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे.

त्यांचे नाव बनारसीदास. जन्म १५८६ सालचा, गाव जौनपूर, घराणे श्रीमाळ, वडील खरगसेन जवाहिरे. चौदाव्या वर्षी हा मुलगा पंडित देवदत्तांकडे शिकू लागला. तेथे काय काय वाचले याची नोंद त्यांनी मालाच्या यादीसारखी केली आहे : नाममाला हा शब्दकोश, अनेकार्थ, ज्योतिष, अलंकार, आणि ज्याचे नाव घरात मोठ्याने घेता येऊ नये असे कामशास्त्रावरील एक छोटे पुस्तकही. शेवटची नोंद त्यांनी गाळली नाही, यातच त्यांच्या स्वभावाची ओळख पटते. घरातील वडीलधाऱ्यांना हे वाचनवेड रुचले नाही. फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने बाजारात बसावे, अति वाचणाऱ्यावर शेवटी हात पसरण्याची पाळी येते, असा त्यांचा उपदेश होता. चार शतके लोटली. शब्द थोडे बदलले, पण हा उपदेश व्यापारी घरांतून अजून हद्दपार झालेला नाही. गंमत अशी, की बनारसीदासांच्या बाबतीत तो काही काळ खराही ठरला.

१६१०च्या सुमारास वडिलांनी त्यांना जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन आग्र्याला पाठविले. तूप-तेल नुकसानीत गेले, काही रत्ने निष्काळजीपणाने हरवली, उरलेसुरले विकून पोट भरावे लागले. बाजारात तोंड दाखविण्याची सोय राहिली नाही, तेव्हा ते घरीच बसू लागले आणि रात्री मधुमालती व मृगावती या दोन कथा वाचू लागले. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांच्यात एक कचोरीवालाही होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या खात आणि एकदा न राहवून त्यांनी आपली कफल्लक अवस्था त्याला सांगून टाकली. त्याने उधारी थांबविली नाही. सहा-सात महिने हा व्यवहार चालला आणि हाती पैसे आल्यावर बनारसीदासांनी हिशेब चुकता केला. वाचनाच्या इतिहासात या कचोरीवाल्याला मानाचे स्थान मिळायला हवे.

त्या दोन पुस्तकांकडेही क्षणभर पाहावे. मृगावती कुतुबनने १५०३ मध्ये आणि मधुमालती मंझनने १५४५ मध्ये रचली. दोघेही सूफी परंपरेतील कवी. जैन व्यापाऱ्याच्या खोलीत, हिंदू-जैन शेजाऱ्यांपुढे, सूफी प्रेमकथा वाचल्या जात होत्या, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते. बनारसीदासांनी तरुणपणी स्वतःही शृंगाराने भरलेले एक काव्य लिहिले होते. पुढे त्याची लाज वाटून १६०५ मध्ये त्यांनी ते गोमती नदीत सोडून दिले. मित्र हळहळले, वडिलांना समाधान वाटले. आपली वही बुडविल्याची ही नोंदसुद्धा त्यांनी करून ठेवली आहे.

या नोंदी ज्यात आहेत तो अर्धकथानक हा ग्रंथ १६४१ मध्ये आग्र्यात पूर्ण झाला. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी या निम्म्या कथेला तसे नाव दिले. सुमारे पावणेसातशे पद्यांच्या या रचनेला हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानतात. तिच्यात नऊ मुलांच्या मृत्यूचे दुःख आहे, प्रवासातील चोर आहेत, नफा-तोटा आहे आणि या सगळ्याच्या बरोबरीने कोणते पुस्तक कोणत्या वर्षी हाती आले, कोणी दिले, त्याने काय घडले वा बिघडले, हेही आहे. पुस्तकाला जमाखर्चात स्थान देणारा असा दुसरा व्यापारी लवकर सापडणार नाही.

बिघडले, हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. १६२३ मध्ये अरथमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांना आचार्य कुंदकुंदांच्या समयसारावरील राजमल्लांची टीका वाचायला दिली. ग्रंथ थोर, देणाऱ्याचा हेतू शुद्ध आणि वाचणाऱ्याची बुद्धी तीक्ष्ण. तरीही परिणाम विपरीत झाला. शुद्ध आत्मा हेच सत्य असेल तर सामायिक, प्रतिक्रमण, जप, व्रत हे सगळे कशासाठी, असा निष्कर्ष काढून त्यांनी नित्याची धर्मक्रिया सोडली. समविचारी मित्र मिळाले आणि मजल येथपर्यंत गेली, की बंद खोलीत कपडे उतरवून ही मंडळी स्वतःला मुनी म्हणवून फेर धरीत. लोकांनी नावे ठेवली, आणि ती योग्यच होती, असे बनारसीदासच सांगतात.

हा प्रकार सुमारे बारा वर्षे चालला. १६३५ मध्ये पंडित रूपचंद आग्र्याला आले. अध्यात्मप्रेमी मंडळींनी त्यांच्याकडून आचार्य नेमिचंद्रांचा गोम्मटसार वाचवून घेतला. आत्म्याच्या विकासाच्या पायऱ्या, म्हणजे गुणस्थाने, आणि प्रत्येक पायरीला अनुरूप असे आचरण, हे त्यात समजावलेले आहे. शिखराचे वर्णन खरे असले तरी पायथ्याशी उभ्या असलेल्याने जिना मोडायचा नसतो, ही गोष्ट तेव्हा त्यांच्या ध्यानी आली. पुढच्याच वर्षी, १६३६ मध्ये, त्यांनी समयसार नाटक हा आपला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यात त्यांनी आपल्याबरोबर बसून तत्त्वचर्चा करणाऱ्या पाच जणांचा नावानिशी उल्लेख केला आहे. पूर्वी ग्रंथ होता, वाचक होता. विचारायला माणूस नव्हता. एका पुस्तकाने निर्माण केलेला गोंधळ दुसऱ्या पुस्तकाने दूर केला हे खरे, परंतु ते दुसरे पुस्तक चार जणांत बसून, शंका विचारीत, जाणकाराच्या तोंडून ऐकलेले होते.

जैन परंपरेने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. सहा आभ्यंतर तपांमध्ये स्वाध्यायाची गणना आहे, आणि तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पहिला वाचना, म्हणजे पाठ घेणे-देणे. दुसरा पृच्छना, शंका विचारणे. तिसरा अनुप्रेक्षा, मनात घोळविणे. चौथा आम्नाय, शुद्ध उच्चाराने आवर्तन करणे. पाचवा धर्मोपदेश, दुसऱ्याला सांगणे. या पाचांपैकी विचारणे आणि सांगणे हे दोन प्रकार एकट्याने होऊच शकत नाहीत; वाचनेलाही मूळ अर्थाने दुसरे माणूस लागते. ‘सध्या काय वाचता?’ हा प्रश्न आज ओळख वाढविण्यापुरता किंवा गप्पांना विषय म्हणून विचारला जातो. स्वाध्यायाच्या व्याख्येत मात्र तो वाचनाचाच एक भाग आहे. न विचारलेले वाचन अर्धे राहते, आणि बनारसीदासांच्या अनुभवावरून पाहिले तर ते अंगावरही येऊ शकते.

अर्धकथानक मुंबईपर्यंत आले ते एका पुस्तकविक्रेत्यामुळे. नाथूराम प्रेमी १८८१ मध्ये सागर जिल्ह्यातील देवरी येथे जन्मले आणि १९०१ मध्ये जैन संस्थेतील कारकुनी करण्यासाठी मुंबईत आले. मराठी, गुजराती आणि बंगाली या भाषा त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या आणि जैन हितैषी या मासिकाचे संपादन केले. १९१२ मध्ये त्यांनी हिंदी ग्रंथ रत्नाकर ही प्रकाशनसंस्था काढली. गिरगावातील हिराबाग हा तिचा पत्ता पुढे हिंदी वाचकांना पाठ झाला. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविषयक निबंधाचा महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेला अनुवाद हे त्यांचे पहिले प्रकाशन. दानवीर सेठ माणिकचंद झवेरी १९१४ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ दुसऱ्याच वर्षी माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली आणि तिचीही धुरा प्रेमींनीच वाहिली. प्राचीन संस्कृत-प्राकृत ग्रंथ तिच्यातून खर्चाच्या किमतीत विकले जात. धंदा एका हाताने आणि सेवा दुसऱ्या हाताने, पण दोन्ही वह्या वेगळ्या, असा त्यांचा रिवाज होता. अर्धकथानकाची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १९४३ मध्ये याच संस्थेतून निघाली. आग्र्याच्या व्यापाऱ्याचे हे आत्मकथन मुंबईच्या छापखान्यातून आधुनिक वाचकांच्या हाती आले.

छापलेला जैन ग्रंथ विकत घेणे ही आज इतकी साधी बाब आहे, की ती कधीकाळी वादाची होती हे सांगितले तर तरुणांना खरे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रे छापू नयेत असा मोठा पक्ष समाजात होता. छापखान्यात ग्रंथाचा अविनय होईल, शाई-सरसात अशुद्ध द्रव्ये असतील, छापील पाने रस्त्यावर पायदळी येतील, अशी त्यांची भीती होती. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. रद्दीच्या दुकानात पडलेली स्तोत्रांची पुस्तके पाहिली की त्या वृद्धांची आठवण होते. परंतु हस्तलिखिते कुलपात राहिली असती तर वाचकच उरला नसता, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद अधिक वजनदार ठरला. सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी मराठीतून जैन बोधक मासिक चालवून आणि ग्रंथ छापून हा पक्ष महाराष्ट्रात लढविला. आज मराठीतून जैन तत्त्वज्ञान वाचणारे प्रत्येक घर त्यांचे देणे लागते.

मुंबईच्या जवाहीर बाजारातील आणखी एका वाचकाची साक्ष काढल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. जुलै १८९१ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन विलायतेहून मुंबईत उतरले, त्याच सुमारास त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी गाठ पडली. श्रीमद् तेव्हा पंचविशीतही नव्हते आणि रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत भागीदार होते. लाखोंचे सौदे, मोत्यांची-हिऱ्यांची पारख, आणि गादीजवळ सदैव एखादे धर्मपुस्तक व रोजनिशी. सौदा संपला की पुस्तक उघडले जाई, असे वर्णन गांधीजींनी आत्मकथेत केले आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्माविषयी शंका दाटल्या, तेव्हा गांधीजींनी याच व्यापाऱ्याला पत्रातून सत्तावीस प्रश्न पाठविले. श्रीमदांनी उत्तरे तर दिलीच, शिवाय पुस्तकेही धाडली : पंचीकरण, मणिरत्नमाला, योगवासिष्ठातील मुमुक्षु प्रकरण, हरिभद्रसूरींचा षड्दर्शनसमुच्चय. या चार नावांत जैन आचार्याचा ग्रंथ एकच आहे, आणि त्यातही सहा दर्शनांचा परिचय आहे. वैष्णव घरातील शंकाकुल तरुणाला त्याच्याच वाटेवरचे ग्रंथ सुचविणारा हा जैन जवाहिरा. पुस्तक सुचवावे कसे, याचा याहून चांगला नमुना शोधूनही मिळणार नाही. समोरच्याची गरज ओळखायची, आपली आवड त्याच्यावर लादायची नाही. श्रीमदांच्या प्रेरणेने १९०० मध्ये परमश्रुत प्रभावक मंडळ स्थापन झाले. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांचे ग्रंथ प्रसिद्ध करणे हा त्याचा संकल्प होता.

आग्रा रस्त्यावरच्या नाशिकजवळ म्हसरूळचे गजपंथ क्षेत्र आहे. तेथे १९४१च्या उन्हाळ्यात सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी विद्वानांची सभा भरविली. आपली न्यायाने मिळविलेली संपत्ती धर्म आणि संस्कृतीसाठी नेमकी कशी खर्चावी, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी देशभर फिरून, तोंडी व लेखी मते मागवून आधीच विचारला होता. सभेचा कौल साहित्याच्या बाजूने पडला. तीस हजार रुपयांच्या दानाने जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला, आणि १९४४ मध्ये त्यांनी सुमारे दोन लाखांची आपली सारी मालमत्ता संघाला अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमालेतून डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेले प्राकृत ग्रंथ निघाले, तसे मराठी ग्रंथही निघाले. व्यापाऱ्याने आधी चौकशी केली आणि मग भांडवल गुंतविले, इतकाच याचा सरळ अर्थ.

या वारशाच्या तुलनेत आजच्या घरातील चित्र काय आहे? कांजूर-भांडुपच्या बाजूला एखाद्या जैन कुटुंबाचे कपाट उघडले तर पुस्तके नसतात असे नाही. प्रतिक्रमणाची पुस्तिका असते, पंचांग असते, चातुर्मासात प्रभावना म्हणून मिळालेली प्रवचने असतात, मुलांची स्पर्धापरीक्षेची जाडजूड पुस्तके असतात, आणि श्रीमंत होण्याचे मार्ग सांगणारी चार-दोन इंग्रजी पुस्तके असतात. मिळालेली पुष्कळ, विकत घेतलेली थोडी, वाचलेली त्याहून थोडी, आणि ज्यांविषयी घरात कोणी बोलले अशी जवळजवळ नाहीत. प्रभावनेच्या पुस्तकाचे दुर्दैव असे, की ते निवडावे लागत नाही. ज्यासाठी खिशात हात घातला, दोन पाने चाळून पाहिली, घेऊ की नको असे क्षणभर झाले, ते पुस्तक वाचले जाण्याची शक्यता अधिक असते. मालाची पारख असणाऱ्यांना हे सांगावे लागू नये.

वेळ नाही, ही सबब खरी आहे. कांजूरला धीम्याच गाड्या थांबतात, आणि मशीद बंदरला रोज जाणाऱ्या व्यापाऱ्याचा बराच काळ प्रवासात जातो. पण त्याच धीम्या मार्गावर माटुंगा आहे, आणि तेथून थोडे चालले की किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. वेळेपेक्षा अवघड प्रश्न भाषेचा आहे. आजी गुजराती किंवा मारवाडी वळणाची भाषा बोलते, वडील मराठीत व्यवहार करतात, नात इंग्रजी शाळेत जाते, आणि एकाच घरात तिघांची पुस्तके एकमेकांना बंद होतात. अशा घरात वाचून सांगणे हा एकच मार्ग उरतो. अर्धकथानकाचा मुकुंद लाठ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८१ मध्ये जयपूरहून निघाला, रोहिणी चौधरी यांचा २००९ मध्ये आला. नातीने इंग्रजीतून वाचावे, वडिलांनी मूळ हिंदीतून, आणि कचोरीवाल्याची गोष्ट आजीला तिच्या भाषेत सांगावी. तिला ती बहुधा सर्वांआधी समजेल.

यासाठी नवा दिवसही शोधावा लागत नाही. कार्तिक शुद्ध पंचमी ही श्वेतांबर परंपरेची ज्ञानपंचमी, आणि तोच व्यापाऱ्यांचा लाभपंचमीचा मुहूर्त. एका दिवशी ग्रंथ काढून, झटकून पूजले जातात आणि त्याच दिवशी दुकान पुन्हा उघडून नव्या वहीत पहिली नोंद पडते. दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. षट्खंडागम लिहून पूर्ण झाल्याचे ते स्मरण. पूजेच्या पाटावर वर्षभरात विकत घेतलेली पुस्तके ठेवावीत, आणि ज्याने जे घेतले त्याने त्याविषयी दोन वाक्ये बोलावीत. लहान मुलाने चित्रांचे पुस्तक आणले तर तेही पाटावर असावे. न आवडलेल्या पुस्तकाबद्दल स्पष्ट बोलण्याची मुभा असावी. बनारसीदासांनी तर स्वतःच्या पुस्तकाबद्दलही भीड ठेवली नाही.

नव्या वहीचे शेवटचे पान यासाठी राखून ठेवता येईल : पुस्तकाचे नाव, किंमत, कोठून घेतले, कोणी सुचविले, कोणाला दिले. दिल्याची तारीख न विसरता घालावी. उधारी वसूल करण्यात मुरलेल्या घरांतूनही उसने दिलेले पुस्तक सहसा परत येत नाही.